घरातली धूळ

"डोळ्यात धूळ गेली वाटतं," असं म्हणत मुलीनं डावा डोळा तळहातानं झाकला, आणि सोमवारच्या त्या सकाळी पावाला लोणी लावता लावता तपासनिसाच्या हातातली सुरी जागच्या जागी थांबली. बाकी काही म्हणजे काही झालं नाही. बायको म्हणाली, "बघू, फुंकर घालते." मुलगी म्हणाली, "नको गं, निघेल आपोआप." डोळ्यातून घळाघळा पाणी वाहत होतं, नाक लाल झालं होतं, आणि तरी ती उरलेल्या एका डोळ्यानं फोनमध्ये बघून हसत होती, कारण होणाऱ्या नवऱ्यानं काहीतरी पाठवलं होतं. बायको उठली आणि ओलं फडकं घेऊन खिडकीची चौकट पुसायला लागली. "कितीही पुसा, मेली येते कुठून कोण जाणे!" ती म्हणाली. आता हे वाक्य कुठल्याही घरात कुठल्याही सकाळी ऐकू येईल, त्यात दचकायचं काय? पण तपासनीस दचकला. त्याची आई खिडकी पुसताना हेच म्हणायची, याच चिडक्या सुरात. या घरात सव्वीस वर्षांत कुणाच्या डोळ्यात धूळ गेली नव्हती. त्यानं ती जाऊ दिली नव्हती, निदान तो शब्द तरी दाराबाहेर ठेवला होता. आणि परवा, बुधवारी चार वाजता, मुलीच्या डोळ्यांवर लेझर करून चष्मा घालवायचा होता. त्या डोळ्यांवर लेझर होता कामा नये, हे घरात एकट्या त्याला माहीत होतं. ते सांगायचं तर अकरा वर्षांपासून माहीत आहे हेही सांगावं लागणार होतं. त्यानं पाव तसाच बशीत ठेवला आणि कामावर निघाला.

तपासनीस म्हटलं की लोकांना वाटतं कुणी मोठा सरकारी माणूस, दप्तरं उलथीपालथी करणारा. हा गृहस्थ औषधांच्या कारखान्यात इंजेक्शनच्या बाटल्या तपासायचा. समोर एक पाटी, अर्धी काळी, अर्धी पांढरी, वर दिव्याची नळी. बाटली मानेला धरायची, आतल्या पाण्याला एक गिरकी द्यायची, काळ्यासमोर पाच आकडे मोजायचे, पांढऱ्यासमोर पाच. काळ्यासमोर पांढरा कण दिसतो, पांढऱ्यासमोर काळा. बुडबुडा असला तर वर जातो, कण असला तर खाली बसतो, एवढंच काय ते शास्त्र. कण दिसला की बाटली लाल ट्रेमध्ये. चाळीस मिनिटं बघायचं, दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं, हा नियमच होता, आणि डोळे मिटून बसायला पगार देणारी ही जगातली एकमेव नोकरी आहे असं बाजूच्या टेबलावरचा जाड्या रोज न चुकता म्हणायचा. जाड्यानंच त्याला 'दुर्बीण' हे नाव पाडलं होतं. त्या सोमवारी दुर्बिणीनं तासाभरात नऊ बाटल्या लाल ट्रेमध्ये टाकल्या. जाड्यानं त्या उचलून पुन्हा गरगर फिरवल्या आणि म्हणाला, "अरे, काय झालंय तुला? यात काहीच नाहीये. बुडबुडे आहेत सगळे." तपासनीस म्हणाला, "असतील." जाड्या म्हणाला, "घरी भांडून आलास का?" यावर तो हसला, कारण भांडण परवडलं असतं. भांडणात निदान दोघं असतात. दहा मिनिटांची सुट्टी झाली तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि मिटल्या पापण्यांखाली बुबुळं हळूच डावीकडे नेली, हळूच उजवीकडे आणली. हे तो लहानपणापासून करत आला होता.

लहानपणी त्याला वाटायचं, जगातली सगळी माणसं अशीच उठतात. जाग आली की डोळे उघडायची घाई करायची नाही. आधी उशाशी ठेवलेल्या पेल्यात बोटं बुडवायची, पापण्यांच्या कडेवर पाणी लावायचं, आत बुबुळं हलवून बघायची, सुटलीत का, आणि मग एक एक पापणी, चोरट्यासारखी, किलकिली करायची. घाई केलीत तर मेलात. वडील असेच उठायचे, आत्या अशीच उठायची, आणि सकाळी त्या घरात कुणी कुणाला हाक मारायचं नाही. हाकेनं माणूस दचकतो, दचकला की डोळे उघडतात, आणि डोळे उघडले की वडिलांची आरोळी शेजारच्या इमारतीत ऐकू जायची. "कसली घाण ठेवतेस घरात! धूळ, नुसती धूळ!" आणि आई केरसुणी उचलायची. आई बाहेरून आलेली, तिचे डोळे लख्ख. तिला आयुष्यात कधी तसं झालं नाही, म्हणून तर सगळ्यांची खात्री पटलेली की तिला धुळीची कदर नाही. ती दिवसातून तीनदा झाडायची, दोनदा पुसायची, उशांचे अभ्रे रोज उकळायची. पडदे ओले करून लावायची. हातांची सालं निघाली तिच्या. तरी डोळ्यांत धूळ जायचीच. आजोबांची नजर म्हणे भट्टीसमोर काम करून गेली. आत्याची शिलाईनं गेली, साठीला तिच्या बुबुळांवर साय धरल्यासारखं झालं होतं आणि ती पोरांना आवाजावरून ओळखायची. वडिलांची धुळीनं चालली होती. प्रत्येकाला वेगळं कारण मिळालेलं, आणि तीन कारणं एकाच घरात कशी जमली हा प्रश्न कुणाला कधी पडला नाही. घरात एकच फोटो होता, सगळ्यांचा मिळून, त्यात सगळे कपाळाला आठ्या घालून कॅमेऱ्याकडे बघताहेत, कारण ऊन समोरून होतं. पाहुणे म्हणायचे, "तुमच्या घराण्यात राग फार दिसतो हो." वडिलांना त्याचा अभिमान वाटायचा.

लग्न ठरायच्या आधी होणारी बायको त्याला एका बागेत बाकावर बसवून स्पष्ट बोलली होती. तिच्या थोरल्या बहिणीला फसवलेलं होतं, नवऱ्याला फिट्स येतात हे लग्नानंतर कळलं होतं. "तुमच्याकडे कुणाला काही असेल तर आत्ताच सांगा," ती म्हणाली, "मी नाही म्हणणार नाही. पण नंतर कळलं ना, तर मात्र मला जमायचं नाही. तुमच्या आत्याच्या डोळ्यांना काय झालंय?" तो म्हणाला, "शिलाई." ते खोटं नव्हतं. त्याला तेच सांगितलेलं होतं. पण ते म्हणताना आपण जरा घाईनं म्हणालो, एवढं त्याला आजही आठवत होतं. तिनं लगेच विश्वास ठेवला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे सुटल्यासारखं दिसलं त्यासाठी त्यानं नंतर काय काय केलं! लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याला दिसलं की ती सकाळी नुसते डोळे उघडते. टक्कन. काहीच न करता. तो बघतच राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो सगळ्यांच्या आधी तासभर उठायला लागला, न्हाणीघरात दार लावून डोळे सोडवायला. बायको कौतुकानं माहेरी सांगायची, "आमचे हे फार पहाटेचे." हसायचं की रडायचं?

मग अकरा वर्षांपूर्वी एकदा दुखणं इतकं वाढलं की तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथं कारखान्यातलं कुणी भेटणार नाही अशा एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. म्हातारा डॉक्टर. त्यानं हनुवटी एका पट्टीवर ठेवायला लावली, उभी, सुरीच्या पात्यासारखी बारीक प्रकाशाची रेघ डोळ्यावर टाकली आणि दोन्ही डोळे दोनदा तपासले. मग म्हणाला, "घरात आणखी कुणाला आहे?" तपासनीस म्हणाला, "काय आहे?" डॉक्टरनं कागदावर एक वर्तुळ काढलं, त्यात पावाचा चुरा सांडावा तसे ठिपके, मध्येच दोन-चार वेड्यावाकड्या रेषा. "ही तुमच्या बुबुळावरची काच. हे ठिपके तिच्या आत आहेत. जन्मापासून साठत आलेत. तुम्हाला स्वतःला ते दिसायचे नाहीत, दुसऱ्याला यंत्रातून दिसतात. वरची साल कच्ची असते, झोपेत पापणीला चिकटते आणि उघडताना सोलली जाते. म्हणून सकाळी दुखतं." "धूळ नाही?" त्यानं विचारलं. डॉक्टर हसला. "धुळीचा काय संबंध? हे रक्तातून येतं. आईवडिलांपैकी एकाला असलं तरी पुरतं. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. तुम्हाला मुलं आहेत?" एक मुलगी आहे, तेरा वर्षांची, हे त्यानं सांगितलं. "घेऊन या. आणि एक लक्षात ठेवा, चष्मा घालवायचं लेझर या डोळ्यांवर कधीही करायचं नाही. केलंत तर ठिपके दाटून येतात, चार-पाच वर्षांत काच पांढरी होते." रात्री घालायचं मलम लिहून दिलं. ती नळी त्यानं दाढीच्या सामानात लपवली. बायकोला ती एकदा सापडली आणि तिनं ती मूळव्याधीची समजून गुपचूप जागेवर ठेवली. त्या दिवसापासून त्याच्या ताटात तिखट कमी झालं, आणि त्यानंही तो गैरसमज आनंदानं गिळला.

मुलीला त्यानं नेलं नाही. उद्या नेऊ, परीक्षा झाल्यावर नेऊ, मोठी झाली की नेऊ. निम्मी शक्यता म्हणजे निम्मी सुटकाही असतेच की! रोज सकाळी चोरून तो तिच्या खोलीच्या दाराशी उभा राहायचा, ती डोळे कशी उघडते ते बघायला. ती टक्कन उघडायची, आणि त्याचा दिवस चांगला जायचा; ती मोठी झाल्यावर त्यानं ते सोडून दिलं. कारखान्यात नियम होता, डोळ्यांचं दुखणं असलेला माणूस टेबलावर बसणार नाही, म्हणून तिथंही तोंड बंद. पण खरं सांगायचं तर नोकरी हे निमित्त होतं. त्याला ते सांगताच येत नव्हतं. आई तेव्हा हयात होती, त्याच्याकडेच राहायला आली होती, पाठीत बाक आलेली, तरी काठी टेकत टेकत कपाटांवरून बोट फिरवून बघायची. तो तिच्याजवळ बसायचा आणि मनात म्हणायचा, सांगावं हिला. आई, तुझं घर स्वच्छ होतं. चाळीस वर्षं तू फुकट शिव्या खाल्ल्यास. एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं तर ती दुसऱ्या खोलीत जाऊन सुनेला आनंदानं सांगणार, हे त्याला दिसत होतं. दोन वर्षांनी आई गेली. जाण्याआधी तिनं त्याचा चेहरा हातात धरला आणि म्हणाली, "डोळे जप रे. माझ्या हातून तेवढं झालं नाही." त्याला याची इतकी शरम वाटली की तो तिच्या पायाशी बसून मोठ्यानं रडला, आणि लोक म्हणाले, मुलाचं आईवर किती प्रेम होतं.

सोमवारी संध्याकाळी त्यानं बायकोसमोर तोंड उघडलं. "अगं, ऐक ना, ते लेझर..." ती इस्त्री करत होती. "भीती वाटते का तुम्हाला?" "भीती म्हणजे..." "अहो, पंधरा मिनिटांचं काम आहे. ती सांगत होती, सकाळी डोळे उघडल्यावर आधी चष्मा चाचपडावा लागतो, तो नको झालाय तिला. म्हणते, मला त्याचा चेहरा चष्म्याशिवाय बघायचाय. तीन महिन्यांवर लग्न आलंय, करू दे की हौस." तो म्हणाला, "त्यानं तर चष्म्यासकट पसंत केलीय." बायको हसली, "तुम्ही नका शहाणपणा शिकवू. तुम्ही बाप आहात, तुम्हाला कुठल्याही कापाकापीची भीतीच वाटणार." झालं. तो बापाच्या भीतीत जाऊन बसला, आणि तिथून बाहेर यायला वाट नव्हती. मंगळवारी सकाळी तो बऱ्याच वर्षांनी पुन्हा मुलीच्या दाराशी उभा राहिला. ती जागी होती. पापण्या मिटलेल्या. हात उशाशी चाचपडत होता, पेल्यात बोटं बुडली, पापण्यांच्या कडेवर पाणी लागलं, आणि मग मिटल्या पापण्यांखाली दोन उंचवटे हळूच डावीकडे गेले, हळूच उजवीकडे आले. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं! आजीला डोळ्यांचं काही नव्हतं, आजोबांना तिनं पाहिलेलं नव्हतं. दुखण्यानंच तिला शिकवलं होतं, जसं त्या सगळ्यांना एकेकाला शिकवलं असणार. तरी त्या दिवशीही तो बोलला नाही. कितीदा तरी जिभेवर आलं आणि परत गेलं.

बुधवारी बायकोला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मुलीबरोबर तो गेला. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, सगळं पांढरं, खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, समोर टीव्हीवर आवाज बंद करून मासे पोहताहेत. मुलगी पाय हलवत होती. "बाबा, तुम्ही का घामाघूम झालात? ऑपरेशन माझं आहे." "उकडतंय." "एसी आहे इथे." मग तिनं आवाज खाली आणला. "सोमवारचं काही बोलू नका हं आत. पुढे ढकलतील उगाच." त्यानं विचारलं, "किती दिवसांपासून होतंय?" "काय?" "सकाळचं." ती पाय हलवायची थांबली. "वर्षभर होतंय. मधून मधून. तुम्हाला कसं कळलं?" तेवढ्यात आतून बोलावणं आलं. आत डॉक्टरीणबाई होत्या, हातमोजे चढवत, आणि शेजारी त्यांचा तरुण सहायक फाइल वाचत होता. "नंबर स्थिर. बुबुळाच्या काचेची जाडी योग्य. दोन्ही डोळ्यांत मधोमध बारीक पांढरे ठिपके, पेशंट म्हणते वारंवार धूळ जाते. धुळीचे जुने व्रण." बाई म्हणाल्या, "ठीक आहे, घ्या आत." एका पांढऱ्या दाराकडे मुलगी वळलीसुद्धा. बोललं की सव्वीस वर्षांचा संसार गेला, नाही बोललं की ते डोळे गेले, आणि दोन्हींच्या मध्ये ते दार.

"धूळ नाही ती," तो म्हणाला. आवाज इतका मोठा निघाला की सहायकाच्या हातातली फाइल हलली. "धूळ नाही ती, डॉक्टर. माझ्याकडून आलंय. माझ्या वडिलांना होतं, आत्याला होतं. मला आहे. लेझर करू नका." बाईंनी हातमोजे काढले. आधी मुलीला यंत्रासमोर बसवलं, मग त्याला, मग पुन्हा मुलीला. "तुम्हाला हे कधी कळलं?" बाईंनी विचारलं. "अकरा वर्षं झाली." "आणि मुलीला तपासायला आणा असं कुणी सांगितलं नाही?" "सांगितलं होतं." बाईंनी खुर्ची मुलीकडे वळवली. त्या मुलीला समजावून सांगायला लागल्या, मलम, थेंब, ऊन टाळणं, पुढे कधीतरी काच बदलावी लागेल, घाबरायचं कारण नाही, नजर अजून बरीच वर्षं चांगली राहील. मुलगी हनुवटी त्या पट्टीवर तशीच ठेवून ऐकत होती. "मला मुलं झाली तर?" तिनं विचारलं. "प्रत्येकाला निम्मी शक्यता," बाई म्हणाल्या.

इमारतीच्या पायऱ्यांवर ऊन होतं. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे मुलीला ते सोसेना, ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्यानं हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. त्याला ते बरंच वाटलं. जिना उतरताना तो याचीच तयारी करत होता, ती ओरडेल, चारचौघांत काय वाटेल ते बोलेल, घरी जाऊन आईला सांगेल, आणि मग जे व्हायचं ते होईल. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणाची लाजही वाटत होती. "आईला माहीत आहे?" तिनं विचारलं. "नाही." "काहीच?" "काहीच नाही. आज सांगतो मी तिला. घरी गेल्या गेल्या सांगतो." "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही एका घरात राहिलात, आणि तिला पत्ताही लागला नाही?" "नाही लागला." तिनं तळहातानं डोळे टिपले. तो वाट बघत होता. "मग नका सांगू," ती म्हणाली. "बबडे, अगं..." "आईला कळलं की ती माझ्या होणाऱ्या सासरी सांगणार. मावशीचं झालं तेव्हापासून तिचं असंच आहे, लपवलेलं तिला चालत नाही. त्यानं मला स्वतःचं सगळं सांगितलंय, बाबा, आजोबांच्या तुरुंगापासून स्वतःच्या घोरण्यापर्यंत सगळं. आणि मग विचारलं, तुझ्याकडे काय? मी म्हटलं, काहीच नाही." "तेव्हा तुला माहीत नव्हतं. आता सांग. तो चांगला मुलगा आहे, तो नाही म्हणणार नाही." ती वळली. डोळे लाल, पाण्यानं भरलेले, ऊन लागून अर्धे मिटलेले. "तुम्हाला आई नाही म्हणाली असती का?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं तो कानाला लावला, आणि तिचा आवाज बघता बघता बदलला, हसरा झाला, मऊ झाला. "नाही रे, झालंच नाही. बघ ना, नशीब! मशीन बिघडलंय त्यांचं. ... नाही, पुढची तारीखच देत नाहीत. जाऊ दे, मला आता नकोच ते. ... रडत नाहीये, वेड्या, थेंब घातलेत. ... खोटं कशाला बोलू? बाबा आहेत इथे, विचार त्यांना." आणि तिनं फोन त्याच्यापुढे धरला. तिकडून तो मोकळ्या आवाजाचा मुलगा म्हणत होता, "बाबा, ती ठीक आहे ना? खरंच मशीन बिघडलंय?"

मुलगी त्याच्याकडे बघत होती.

"हो," तपासनीस म्हणाला. "मशीनच बिघडलंय."